छिद्रांचे गणित : जुन्या कार्बोरेटरच्या अभ्यासाची प्रस्तावना

एक लिटर पेट्रोल नीट जळायचे तर त्याला साधारण ९,००० लिटर हवा लागते. एखाद्या लहानशा न्हाणीघरात मावेल तेवढी. वजनात मोजले तर पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग. चालत्या गाडीत हे प्रमाण क्षणोक्षणी सांभाळावे लागते. सिग्नलला उभे असताना इंजिन मिनिटाला सात-आठशे फेरे घेत असते, चढावर तीन-साडेतीन हजार. ड्रायव्हरचा पाय कधी अलगद टेकलेला असतो, कधी तळापर्यंत दाबलेला. एके काळी जवळपास प्रत्येक पेट्रोल गाडीत हा सगळा हिशेब जस्ताच्या मिश्रधातूचे एक ओतीव भांडे ठेवत असे. त्यात वीज नाही, संवेदक नाही, कसलीही स्मृती नाही. काही पितळी छिद्रे, एक तरंगता डबा, दोन-तीन झडपा आणि हवेचा स्वतःचा दाब, एवढेच त्याचे भांडवल.

याला आपण कार्बोरेटर म्हणतो; गॅरेजात त्याचा ‘कार्बेटर’ होतो. त्याची पुनर्बांधणी आणि जुळणी हा या पुस्तकाचा विषय आहे. यंत्र-अभियांत्रिकी शिकवता शिकवता गेली तीसेक वर्षे मी जुन्या गाड्यांचे कार्बोरेटर खोलत आलो आहे. या काळात एक गोष्ट पुनःपुन्हा दिसली: कार्बोरेटर वयाने जितका बिघडतो, त्याहून जास्त तो माणसांच्या हातांनी बिघडतो. जेटवर, म्हणजे त्या पितळी छिद्रावर, आकडा कोरलेला असतो. तो आकडा ठरवण्यासाठी कोणीतरी इंजिन महिनोन्‌महिने चाचणीला लावलेले असते. पण खोलणारा तो आकडा वाचतच नाही. जेटमधून तार फिरवतो आणि ‘साफ झाला’ म्हणतो. कार्बोरेटर म्हणजे छिद्रांनी मांडलेले गणित आहे. ते आधी वाचावे, पुसट झाले असेल तर मूळचे उजळावे, आणि बदल करायचा तर त्याचे कारण कागदावर लिहून मगच करावा. या पुस्तकातले प्रत्येक प्रकरण याच आग्रहातून लिहिले आहे.

या विषयात येण्यासाठी अभियंता असावे लागत नाही. आजोबांची फियाट शेडमध्ये झाकून ठेवलेली आहे आणि ती पुन्हा चालावी असे वाटते, एवढे कारण पुरे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिकणाऱ्या मुलामुलींनाही हे दार उघडे आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष लागू झाले आणि कारपाठोपाठ नव्या दुचाकींतूनही कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. त्यामुळे आजच्या विद्यार्थ्याला तो उघडून दाखवणारे कोणी सहज भेटत नाही. पण इंधन आणि हवा यांचे नाते हातात धरून पाहायचे असेल, तर याच्याइतके सोपे साधन मला दुसरे माहीत नाही. इंजेक्शनच्या गाडीत तो निर्णय एका बंद पेटीत होतो. इथे तो डोळ्यांनी दिसतो.

सुरुवात एका अडचणीपासून करू, कारण सगळा विषय तिच्यातूनच उगवला आहे. पिस्टन खाली जातो आणि हवा आत खेचली जाते. वाटेत नळी थोडी अरुंद केली की तिथे हवेचा वेग वाढतो आणि दाब उतरतो. इटलीचे जिओव्हान्नी बात्तिस्ता व्हेंचुरी यांनी १७९७ मध्ये प्रवाहांवरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले, म्हणून त्या अरुंद गळ्याला आजही त्यांचे नाव आहे. गळ्यात पेट्रोलची बारीक तोटी आणून ठेवली, तर बाहेरचा दाब जास्त आणि गळ्यातला कमी, म्हणून पेट्रोल वर चढते आणि फवाऱ्याच्या रूपाने हवेत मिसळते. बुडापेस्टचे दोनात बांकी आणि यानोश चोन्का यांनी १८९३ मध्ये असा फवारा मारणाऱ्या कार्बोरेटरचे पेटंट घेतले. त्याच सुमारास जर्मनीत विल्हेल्म मायबाख याच कल्पनेवर काम करत होते. त्याआधीच्या यंत्रांत पेट्रोलच्या पृष्ठभागावरून हवा नुसती वाहू देत आणि जी वाफ मिळेल तिच्यावर भागवत.

फवारा मिळाला, पण प्रमाण मिळाले नाही. एकच साधे जेट ठेवले तर हवेचा प्रवाह वाढत जाईल तसे मिश्रण घट्ट होत जाते, म्हणजे त्यात पेट्रोलचा वाटा वाढतो. याची दोन कारणे. पेट्रोलची पातळी तोटीच्या तोंडाच्या काही मिलिमीटर खाली ठेवलेली असते, नाहीतर उभ्या गाडीतही ते ओघळेल. त्यामुळे हवेचा ओघ मंद असताना सुरुवातीची ओढ नुसते तेवढे अंतर चढण्यातच खर्च होते. दुसरे, गळ्यात वेग वाढला की हवा विरळ होते, पेट्रोल मात्र विरळ होत नाही. परिणाम असा की संथ चालीला बरोबर ठेवलेली गाडी वेगात काळा धूर सोडते आणि वेगात बरोबर ठेवलेली गाडी संथ चालीला खोकते. माझ्या वर्गात मी कार्बोरेटर शिकवायला घेतो तेव्हा पहिला पूर्ण तास या एका विसंगतीला देतो. ती कळली की पुढचा प्रत्येक भाग आपोआप अर्थ सांगू लागतो. ती न कळता भागांची नावे पाठ केली तर हाती काहीच लागत नाही.

या अडचणीला वेगवेगळ्या गावांनी वेगवेगळी उत्तरे दिली, आणि ती उत्तरे म्हणजेच कार्बोरेटरची घराणी. ल्योंचे फ्रांस्वा बाव्हरे यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात दोन जेटांची जोडी लावली. एक जेट प्रवाहाबरोबर घट्ट होत जाणारे. दुसरे एका उघड्या विहिरीतून पाणी भरावे तसे, इंजिनने कितीही ओढले तरी ठरावीक गतीनेच पाझरणारे, म्हणून प्रवाह वाढला की पातळ पडत जाणारे. एकाची चूक दुसऱ्याच्या चुकीने फिटते. झेनिथ कार्बोरेटरचा पाया हा. इंग्लंडमधल्या स्किनर बंधूंनी प्रश्नच उलटा धरला. गळ्याचा आकार कायम ठेवून जेटची कसरत करण्याऐवजी त्यांनी गळाच लहानमोठा होऊ दिला. हवेच्या ओढीने एक जड पिस्टन वर उचलला जातो, त्याच्या तळाशी निमुळती सुई असते आणि ती जेटमधून जितकी वर येईल तितकी पेट्रोलची वाट मोकळी होते. गळ्यातला दाब त्यामुळे जवळजवळ एकसारखा राहतो. हे कुटुंब पादत्राणांच्या व्यवसायातले. त्यांच्या सुरुवातीच्या कार्बोरेटरमध्ये पिस्टनच्या जागी चामड्याचा भाता होता, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. माणूस आपल्या हाताला सवयीचे जे असते त्यातूनच नवे घडवतो. त्यांचा एसयू कार्बोरेटर मॉरिस मायनरसारख्या साध्या गाडीवर होता, आणि जग्वारच्या ई-टाइपवर तेच तीन एका ओळीत बसवलेले होते.

तिसरे उत्तर पॅरिसच्या सोलेक्सचे आणि १९२३ मध्ये बोलोन्यात कारखाना काढणाऱ्या एदोआर्दो वेबर यांचे. आपल्या रस्त्यांना सर्वांत ओळखीचे तेच. यात मुख्य जेट पेट्रोल मोजून एका उभ्या विहिरीत सोडते. विहिरीत बाजूने छिद्रे असलेली एक बारीक नळी उभी असते आणि तिच्या माथ्यावर हवेचे जेट. ओढ वाढली की विहिरीतली पातळी उतरते, नळीची छिद्रे एकेक करून उघडी पडतात आणि त्यांतून हवा पेट्रोलमध्ये शिरते. फेस झाल्यावर ओढीचा जोर आपसूक मोडतो. मुख्य जेटचा अंमल सगळ्याच चालींवर असतो, हवेच्या जेटचा मात्र वरच्या चालीवर जास्त. त्यामुळे हवेचे जेट मोठे केले की गाडी मुख्यतः वेगात पातळ होते. गॅरेजात हे दोन्ही जेट एकाच कपात सुटे टाकून ठेवलेले मी पाहिले आहेत. ते अदलाबदल होऊन बसले की पुढे गाडीचे जे होते त्याचा दोष इंजिनला लागतो.

पुस्तकात मी उदाहरणासाठी सतत एकच गाडी धरली आहे, मुंबई-पुण्याच्या वाचकांना सांगायला नको अशी. तिचे इंजिन १,०८९ घनसेंटिमीटरचे. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, पिस्टनची धाव ७५. ही मापे १९३७ साली तुरीनमध्ये फियाटच्या ५०८ सी गाडीसाठी ठरली. त्या गाडीमागचे अभियंते दांते जाकोसा. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली, कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० बाहेर पडू लागली, १९७० च्या दशकात तिचे नाव पद्मिनी झाले, आणि शतक संपेपर्यंत ६८ गुणिले ७५ हीच मापे चालू राहिली. लोक मात्र शेवटपर्यंत तिला फियाटच म्हणत. युद्धापूर्वीच्या इटलीत मांडलेले गणित शतकाच्या अखेरपर्यंत कुर्ल्यात सोडवले जात होते. म्हणून या गाडीचा सोलेक्स हाती घेतला की एका यंत्राबरोबर आपल्या शहराच्या औद्योगिक इतिहासाचा एक तुकडाही हातात येतो.

मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून गेल्या. शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात नोंदलेली होती आणि वीस वर्षांची मुदत भरली. त्यातल्या बहुतेक तोवर सीएनजीवर धावत होत्या. याचा कार्बोरेटरवर झालेला परिणाम अभ्यासकाने ध्यानात घ्यायला हवा. गॅसचा मिक्सर कार्बोरेटरच्या तोंडावर बसतो आणि पेट्रोल लागते ते फार तर गाडी चालू करण्यापुरते. अशा कार्बोरेटरच्या वाटा कोरड्या पडतात, पाय दाबताच जादा पेट्रोल फवारणाऱ्या पंपाचा पडदा कडक होतो, तळाशी पेट्रोलचा राळेसारखा थर बसतो. पायाच्या दाबाने हवेची वाट उघडणाऱ्या थ्रॉटलची दांडी मात्र लाखो किलोमीटर फिरलेली असते. बाजारात ‘टॅक्सीतून काढलेला, चालू’ म्हणून मिळणारा कार्बोरेटर घेताना हे लक्षात ठेवावे. बाहेरून तो नवा दिसू शकतो. झिजला आहे तो दांडीच्या भोकात.

या दांडीविषयी थोडे सविस्तर बोलतो, कारण पुनर्बांधणीतला सर्वांत दुर्लक्षित भाग तोच. थ्रॉटलची पितळी तबकडी एका पोलादी दांडीवर बसते आणि ती दांडी जस्ताच्या मऊ ओतकामात फिरते. दांडी झिजत नाही, घर झिजते, आणि तेही गोल न झिजता स्प्रिंग ज्या बाजूला ओढते त्या बाजूला लांबट होते. दांडी बोटांत धरून वरखाली हलवली की खडखड लागते. मोजमापात ती मिलिमीटरचा एक-दोन दशांश असते, पण इंजिन स्लोवर असताना तबकडीभोवतीची फटच तेवढीशी असते. तिथे या चोरट्या हवेचा वाटा मोठा होतो. ‘स्लो बसत नाही’ ही तक्रार येते. मिस्त्री मिक्स्चरचा स्क्रू उघडून स्लोला जास्त पेट्रोल देतो, गाडी उभी असताना बरी चालते, पण क्लच सोडताना दचकते. मग पंपावर संशय, मग डिस्ट्रिब्युटरवर. यावर उपाय एकच: दोन्ही बाजूंची भोके एका रेषेत रीमर मारून मोठी करायची आणि त्यांत ब्राँझची बुशे बसवायची. एकेक बाजू वेगळी धरून केले तर दांडी अडकते. तबकडीच्या कडा तिरक्या घासलेल्या असतात म्हणून ती काढण्यापूर्वी तिची वरची बाजू खूण करून ठेवावी आणि बसवल्यावर बंद अवस्थेत उजेडाकडे धरून कडेने प्रकाश सारखा दिसतो का पाहावे. तिचे दोन छोटे स्क्रू कारखान्यात टोकाला ठोकून पक्के केलेले असतात. पुन्हा बसवताना ते तसेच ठोकून बंद करायचे. त्यांतला एक सुटला तर तो सरळ इंजिनात जातो.

बाकीच्या कामांना या प्रस्तावनेत फार जागा देत नाही. त्यांची प्रकरणे पुढे आहेतच. वरचे झाकण आवळून आवळून वाकडे होते, ते सपाट काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून इंग्रजी आठच्या आकड्यासारखे फिरवून सरळ करावे. पितळी फ्लोट, म्हणजे तो तरंगता डबा, कानाशी हलवावा. आत पेट्रोल खळखळले तर गरम पाण्यात बुडवून बुडबुडे कुठून येतात ते पाहावे, आणि डाग दिला तर वजनही करावे. कथलाचा जाडसर डाग फ्लोट जड करतो आणि पातळी वर चढवतो. सोलेक्समध्ये निडल व्हॉल्व्हखालच्या वॉशरची जाडी हेच पातळीचे माप आहे. किटमधून आलेला नवा वॉशर जुन्यापेक्षा जाड-पातळ निघाला तर सगळा हिशेब सरकतो. जुना वॉशर फेकण्यापूर्वी मायक्रोमीटरने मोजून लिहून ठेवा. एवढ्या एका सवयीने माझे कितीतरी दिवस वाचले आहेत.

आणि जेट. इथे मला माझी चूक सांगितली पाहिजे. विशीत असताना मामांच्या फियाटचा ॲव्हरेज वाढवून देतो असे मी कबूल केले. मुख्य जेट काढले, त्यात काळपट थर दिसला, आणि गॅस-वेल्डिंगच्या नोझलमध्ये फिरवतात ती खाचेदार तार त्यातून चारदोनदा ओढली. जेट लख्ख झाले. गाडी त्यानंतर पेट्रोल पिऊ लागली. मी पॉइंट बदलले, प्लग बदलले, टॅपेट पुन्हा पुन्हा जुळवले. मामा काही बोलले नाहीत, पण ते दुसऱ्या वर्षी गाडी विकताना मी तिथे होतो. ते जेट मी काढून ठेवले होते. पुढे कॉलेजात पिनगेज हाती आल्यावर ते मोजले: १२० कोरलेले छिद्र १३० च्या जवळ गेले होते. जेटवरचा आकडा मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतो. १२० म्हणजे १.२० मिलिमीटर. व्यास फक्त एक दशांश मिलिमीटरने वाढला, पण क्षेत्रफळ १७ टक्क्यांनी वाढले. ते जेट अजून माझ्या टेबलावर आहे आणि प्रत्येक नव्या विद्यार्थ्याच्या हातात मी तेच पहिल्यांदा ठेवतो. जेट साफ करायचे ते द्रावणाने, अल्ट्रासॉनिक बाथने आणि हवेच्या दाबाने. पितळापेक्षा कठीण कोणतीही वस्तू त्यात जाऊ नये.

पूर्वीचे मिस्त्री जेट ओठांना लावून फुंकत. फुंकरीच्या आवाजावरून छिद्र पूर्ण मोकळे आहे की नाही ते त्यांना कळे, आणि मी ज्यांच्याकडे शिकलो त्यांचा अंदाज क्वचितच चुके. पण ते पेट्रोल शिशाचे होते. देशभर शिसेविरहित पेट्रोल आले ते २००० सालच्या फेब्रुवारीत. नळी तोंडात धरून टाकीतून पेट्रोल ओढणे, जेट फुंकणे, पेट्रोलने हात धुणे, हे सगळे रोजचे होते. या विद्येची किंमत त्या पिढीने स्वतःच्या शरीराने मोजली आहे. त्यांचे ज्ञान घेताना ही गोष्ट विसरू नये, आणि त्यांची पद्धत मात्र घेऊ नये. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत साचते. बंद खोलीत, दिवा पेटता असलेल्या देवघराजवळ किंवा फ्रिजशेजारी कार्बोरेटर खोलायचा नाही.

जुळणीकडे वळू. लोक ‘ट्यूनिंग’ म्हटले की पेचकस घेऊन थेट दोन स्क्रूंकडे जातात. माझी विनंती आहे की ते दोन स्क्रू शेवटी हाताळावेत. आधी टॅपेटचे अंतर, मग पॉइंटचे, मग टायमिंग, मग मॅनिफोल्डचे पॅकिंग कुठे हवा पकडते आहे का ते. हे सगळे ठीक झाल्यावर आणि इंजिन पुरते तापल्यावर, एअर क्लीनर बसवलेल्या अवस्थेत कार्बोरेटरला हात लावावा. एक स्क्रू थ्रॉटल किती मिटावे ते ठरवतो, दुसरा स्लोच्या मिश्रणात पेट्रोलचा वाटा. दुसरा हळूहळू बाहेर काढत गेले की इंजिनाची चाल आधी चढते, मग जडावते आणि लाटेसारखी वरखाली होऊ लागते. आत नेत गेले की ती उतरते आणि एखादा ठोका चुकतो. या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी आवाज सर्वांत भरीव आणि सरळ असतो. तिथे थांबायचे, पहिल्या स्क्रूने फेरे पुन्हा खाली आणायचे, आणि दुसरा परत तपासायचा. दोन-तीन वेळा असे येरझारे घातले की जागा सापडते.

कानाला जोड म्हणून व्हॅक्यूम गेज फार उपयोगी आहे. पण परदेशी पुस्तकांत निरोगी इंजिनाचे जे १७ ते २१ इंच लिहिलेले असतात ते समुद्रसपाटीचे. हजार फूट वर गेले की काटा साधारण एक इंच उतरतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. तिथे दोन इंच कमी दिसणे हा इंजिनाचा दोष नाही. या एका गोष्टीपायी चांगल्या इंजिनांचे व्हॉल्व्ह घासून घेतलेले मी पाहिले आहेत. कोपऱ्यावरच्या पीयूसी केंद्रातले यंत्रही अभ्यासकाचे मित्र आहे. जुन्या चारचाकीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे. केंद्रातल्या माणसाला विनंती करून नळी आणखी पाच मिनिटे राहू दिली आणि स्क्रू अर्धा फेरा फिरवल्यावर आकडा कसा हलतो ते वहीत लिहिले, तर कानाला ऐकू येणारे आणि यंत्राला दिसणारे यांची सांगड बसते.

उंचीचा विषय निघाला आहे तर घाटाचे सांगतो. हवा विरळ झाली की कार्बोरेटर तेवढ्या प्रमाणात पेट्रोल कमी करत नाही. मिश्रण घनतेच्या वर्गमुळाच्या हिशेबाने घट्ट होते. मुंबईला नीट जुळवलेली गाडी महाबळेश्वरला, सुमारे १,३५० मीटरवर, जवळपास ७ टक्के घट्ट चालते. प्लगवर काजळी, पेट्रोलचा वास, परत खाली आल्यावर सगळे ठीक. पूर्वी बोरघाटात शिंगरोबाच्या देवळापाशी बॉनेट उघडून थांबलेल्या गाड्यांची कारणे वेगळी होती, रेडिएटरचे पाणी आणि पेट्रोलच्या पंपात झालेली वाफ. पण तिथेच कोणीतरी स्क्रू फिरवून ठेवी आणि ती गाडी मुंबईत परतल्यावर पातळ चाले. घाटात जुळणी करू नये.

आजच्या अभ्यासकापुढे एक नवा प्रश्न आहे आणि त्याची मुळे महाराष्ट्राच्या उसाच्या शेतात आहेत. साखर कारखान्यांच्या मळीतून आणि उसाच्या रसातून निघणारे इथेनॉल आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत मिसळले जाते. इथेनॉलच्या अंगात स्वतःचा ऑक्सिजन असतो. त्याला जळायला ९ भाग हवाच पुरते. मिश्रणाचे प्रमाण त्यामुळे १४.७ वरून साडेतेराच्या आसपास येते, म्हणजे तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के अधिक इंधन हवे. जुना कार्बोरेटर हे ओळखत नाही. तो त्याच छिद्रातून तेवढेच देतो आणि इंजिन पातळ चालते, तापते. कागदावर उत्तर सोपे आहे: १२० च्या जागी १२५ चे जेट घातले की क्षेत्रफळ साडेआठ टक्क्यांनी वाढते. वर मी जेटला हात लावू नका म्हटले आणि इथे तेच बदलायला सांगतो आहे, असे कोणाला वाटेल. पण इथे कारण माहीत आहे, माप माहीत आहे आणि मूळचे जेट पाकिटात नाव घालून जपून ठेवलेले आहे. इंधन बदलले म्हणून गणित नव्याने मांडले. मात्र नुसते मुख्य जेट बदलून भागत नाही. स्लोचे जेट, पंपाचा फवारा यांचाही विचार करावा लागतो आणि रस्त्यावर तपासावे लागते. इथेनॉल जुन्या रबरी नळ्या, बुचाची पॅकिंगे खाते, टाकीतला जुना थर विरघळवून जेटपर्यंत आणते, आणि हवेतला ओलावा ओढून घेते. पावसाळ्याचे चार महिने उभी राहणारी गाडी असेल तर जूनच्या आधी फ्लोटचे भांडे रिकामे करावे. नाहीतर दसऱ्याला झाकण काढल्यावर आत जस्ताची पांढरी भुकटी दिसते आणि बारीक वाटा कायमच्या बुजलेल्या असतात.

या क्षेत्रात मराठीत लिहिण्यासारखे अफाट काम पडून आहे. कंपनीची पुस्तिका आकडे देते, पण आवाज देत नाही. मिस्त्रींकडे आवाज आहे, ‘हवा पकडते’, ‘मिसिंग मारते’, ‘पिकअपला गुदमरते’ अशी नेमकी शब्दसंपत्ती आहे, पण आकडे लिहून ठेवलेले नाहीत. या शब्दांतला प्रत्येक शब्द एका ठरावीक दोषाकडे बोट दाखवतो. मी जमतील तेवढे शब्द त्यांच्या अर्थासह शेवटच्या प्रकरणात दिले आहेत, आणि जिथे गॅरेजचा शब्द आणि पाठ्यपुस्तकाचा शब्द यांत निवड करायची वेळ आली तिथे गॅरेजचा ठेवला आहे. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, पुण्याच्या नाना पेठेत, जिल्ह्याच्या गावी एसटी स्टँडमागच्या शेडमध्ये अजून अशी माणसे आहेत ज्यांनी हजारांनी कार्बोरेटर खोलले. त्यांच्याकडे वही घेऊन जा. कोणत्या गाडीला त्यांनी कोणते जेट घातले आणि का, एवढेच विचारा आणि ते सांगतील तसे, त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या.

तुमच्या शेडमधल्या कार्बोरेटरपाशी जाल तेव्हा बरोबर पांढरे कापड अंथरलेला ट्रे, मायक्रोमीटर, जेटच्या खाचेत घट्ट बसेल असा पेचकस आणि एक कोरी वही न्या. झाकणाचे स्क्रू काढा, पण फ्लोटला अजून हात लावू नका. आधी भांड्याच्या आतल्या भिंतीवर पेट्रोलने वर्षानुवर्षे ओढलेली तपकिरी रेघ शोधा आणि काठापासून ती किती मिलिमीटर खाली आहे ते मोजा. तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर, तारखेसह लिहा.